किती धूर निघाला, आणि किती छातीत गेला?

जानेवारीत गच्चीवर पांढरे कपडे वाळत घालायचे नाहीत, हा आमच्या घरातला जुना नियम. गळीत हंगाम सुरू झाला की काळे, हलके, बोटानं दाबताच भुगा होणारे कण वाऱ्यावर तरंगत येतात आणि ओल्या कपड्यांवर बसतात. ते झटकायचे नाहीत, हळूच फुंकायचे. झटकले की डाग पसरतो. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ही काजळी म्हणजे बॉयलरात जळलेल्या उसाच्या चिपाडाची राख.

प्रदूषणाची तक्रार निघाली की लोक बोलतात ते या काजळीबद्दल. पण जी काजळी डोळ्याला दिसते ती बहुतेक नाकातच अडकते. छातीत खोल जातं ते दिसत नाही, आणि कपड्यांवर डागही पाडत नाही.

हवेबद्दलच्या दोन बातम्यांनी माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांना गोंधळात टाकलं आहे. पहिली जुनी आहे. केंद्र सरकारनं जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ज्या शहरांची हवा मानकात बसत नाही त्यांच्या यादीत कोल्हापूरचं नाव आलं. शेजारचं सांगलीही त्या यादीत आहे. दुसरी बातमी जुलै २०२५ ची: कोळशावर चालणाऱ्या देशातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त वीज प्रकल्पांना धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्यापासून सूट मिळाली. 'कोळसा जळतोय चंद्रपुरात, आपल्याला काय त्याचं?' असं एका नात्यातल्या काकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र एकट्या इंजिनिअरकडे नाही आणि एकट्या डॉक्टरकडेही नाही.

आधी कण समजून घेऊ

काहीही जाळलं की तीन गोष्टी निघतात: उष्णता, वायू आणि बारीक कण. उष्णता आपल्याला हवी असते, बाकीचं हवेत सोडून देतो. या कणांपैकी ज्यांची जाडी अडीच मायक्रॉनपेक्षा कमी असते त्यांना पीएम २.५ म्हणतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या रुंदीत असे वीस-पंचवीस कण ओळीनं मांडता येतील.

पीठ चाळायची चाळणी डोळ्यांपुढे आणा. नाकातले केस आणि घशातला ओलावा ही आपली चाळणी. कोंडा वर राहतो, पीठ खाली जातं. पीएम २.५ हे त्या पिठासारखं आहे. ते थेट फुप्फुसाच्या टोकाला असलेल्या बारीक वायुकोशांपर्यंत पोचतं. तिथे शरीराच्या राखणदार पेशी त्याच्यावर तुटून पडतात. ही झटापट रोजच चालू राहिली की आतून सूज येते, रक्त गोठण्याचं प्रमाण वाढतं, रक्तवाहिन्या कडक होतात. म्हणून धुरानं फक्त दमा होतो हा समज अपुरा आहे. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, कमी वजनाचं बाळ हे सगळं या एका कणाशी जोडलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ मध्ये कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. तंबाखू त्याच गटात आहे.

एक टन धुराची गोष्ट

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचं उंच धुराडं आणि आपल्याकडे सकाळी दारात पेटणारा आंघोळीच्या पाण्याचा बंब, यांत जास्त घातक काय? कुणीही धुराड्याकडेच बोट दाखवेल. एकूण धूर मोजला तर ते बरोबरही आहे. पण आरोग्याच्या अभ्यासकांचा प्रश्न वेगळा असतो: जो धूर निघाला, त्यातला किती माणसांच्या श्वासात गेला?

उंच धुराड्यातून एक टन कण सोडले तर ते दूरवर पसरतात, पातळ होतात, आणि सगळ्या माणसांनी मिळून श्वासात घेतलेला वाटा असतो काही ग्रॅमचा. तोच एक टन दाभोळकर कॉर्नरसारख्या गजबजलेल्या चौकात वाहनांनी सोडला तर वाटा दहा-वीस ग्रॅमवर जातो. आणि तोच टन बंद स्वयंपाकघरांतल्या चुलींमधून निघाला तर हिशेब किलोत जातो. या वाट्याला मी इथे 'श्वासवाटा' म्हणते.

हा विचार रुजवण्यात कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाचा मोठा हात. ते मूळचे ऊर्जेच्या अंगानं विचार करणारे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सहकाऱ्यांबरोबर ते गुजरातच्या खेड्यांत गेले आणि चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर मोजणी-यंत्रं लावली. तोवर वायुप्रदूषण म्हणजे शहरातली चिमणी, अशीच समजूत होती. स्मिथ यांचा ढोबळ नियम असा, की घरात सोडलेला एक ग्रॅम धूर बाहेर सोडलेल्या ग्रॅमच्या हजारपट छातीत जाण्याची शक्यता असते.

भुदरगड तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात मी हा नियम प्रत्यक्ष पाहिलेला आहे. गॅसची शेगडी ओट्यावर आहे, तिच्यावर चहा होतो. भाकरी मात्र चुलीवर. चुलीच्या वरचं कौल काढून तिथे काच बसवली आहे, आणि ती काच आतून इतकी काळवंडली आहे की दुपारी बारालासुद्धा तिच्यातून चहाच्या रंगाचा उजेड पडतो. मावशी फुंकणी घेऊन वाकते तेव्हा तिचा चेहरा जाळापासून हातभरही लांब नसतो. जिल्ह्यातल्या सगळ्या धुराड्यांच्या हिशेबात तिची चूल कुठेच दिसणार नाही. श्वासवाट्याच्या हिशेबात ती अगदी वर येईल.

थंडीत सगळं एवढं का साचतं?

डिसेंबरात पहाटे पन्हाळ्यावरून खाली बघा. धुराड्यातून धूर सरळ वर येतो आणि एका उंचीवर जणू छताला टेकल्यासारखा आडवा पसरतो. ते छत खरंच असतं, हवेचंच. एरवी जमिनीलगतची हवा गरम असते, म्हणून ती वर जाते आणि धूरही घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन पंचगंगेच्या खोऱ्यात बसून राहते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा येतो. ऊन चांगलं वर येईपर्यंत झाकण निघत नाही.

आता आपलं वेळापत्रक पाहा. कारखान्यांचे बॉयलर, गुऱ्हाळांची चुलवाणं, तोडणी झालेल्या फडातला पेटवलेला पाला आणि घरोघरचे बंब, सगळ्यांचा हंगाम हाच. पातेल्यावर झाकण ठेवायचं आणि त्याच वेळी जाळ वाढवायचा, असं आपण दरवर्षी करतो.

संप झाला आणि मुलं कमी आजारी पडली

धुरानं माणूस आजारी पडतो हे सिद्ध कसं करायचं? कुणाला मुद्दाम धुरात ठेवता येत नाही. इथे मला सगळ्यात आवडणारी हकीकत अमेरिकेतल्या युटा खोऱ्याची आहे. तिथे डोंगरांच्या वाटीत जिनीव्हा स्टील नावाचा पोलाद कारखाना होता. कामगारांच्या वादात तो ऑगस्ट १९८६ मध्ये बंद पडला आणि तेरा महिन्यांनी, सप्टेंबर १९८७ मध्ये, पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप नावाच्या प्राध्यापकानं तिथल्या रुग्णालयांची नोंद तपासली. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा आणि छातीच्या विकारानं दाखल होणाऱ्या लहान मुलांची संख्या बंद हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होती.

पोप डॉक्टर नव्हते. ते अर्थशास्त्रज्ञ होते. दोन काळांतला फरक एका कारणाला कसा जोडायचा, हे त्यांचं रोजचं काम होतं.

लगेच आक्षेप आला: त्या वर्षी विषाणूची साथ कमी असेल! हा आक्षेप मोजदादीनं सुटणारा नव्हता. मग विषशास्त्राचे लोक पुढे आले. हवा मोजणाऱ्या केंद्रावरचे जुने फिल्टर जपून ठेवलेले होते. कारखाना चालू असतानाचे आणि बंद असतानाचे कण त्या फिल्टरवरून वेगवेगळे काढून, तयार असलेल्या स्वयंसेवकांच्या फुप्फुसात त्यांचा अगदी थोडा अर्क सोडला गेला. चालू काळातल्या कणांनी जास्त सूज आणली. हा निकाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रज्ञाची वही आणि प्रयोगशाळेतली नळी, दोघी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

दरम्यान १९९३ मध्ये सहा अमेरिकन शहरांतल्या आठ हजारांहून जास्त प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं माग ठेवलेला अभ्यास आला. विडी-सिगारेट, वजन, शिक्षण यांचा फरक बाजूला काढूनही सर्वांत मलिन हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं. जगातली पीएम २.५ ची मानकं अशाच अभ्यासांवर उभी आहेत.

धूर कुणाचा, हे कसं ओळखतात?

हवेतला कण हातात घेतला तर तो ट्रकचा की गुऱ्हाळाचा हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. पण आपल्याकडच्या जाणत्या बाईला कालवण चाखायला द्या. ही चटणी डंकावर कुटलेली की विकतची, खोबरं भाजलेलं की कच्चं, ती बरोबर सांगते. रसायनशास्त्रज्ञ फिल्टरवरचा कण असाच चाखतात. पोटॅशियम आणि लाकूड-चिपाड जळताना निघणारी विशिष्ट साखरेची संयुगं सापडली तर जैविक जळण. सिलिकॉन, ॲल्युमिनियम जास्त असेल तर रस्त्याची धूळ. बेरियम, स्ट्रॉन्शियम दिसलं तर फटाके. सल्फेट आलं तर बऱ्याचदा कोळसा, तोही कदाचित दूरवरचा.

त्या सल्फेटापाशी चंद्रपूरच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कोळशातला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो. हा वायू हवेत तासन् तास, कधी दिवसभर प्रवास करत अमोनियासारख्या घटकांशी मिळून सल्फेटचा बारीक कण बनतो. म्हणजे धुराड्यातून निघताना तो वायू असतो, शेकडो किलोमीटरांवर पोचेपर्यंत तो पीएम २.५ झालेला असतो. दूध एका गावात विरजलं आणि दही दुसऱ्या गावात लागलं, असं.

सूट देण्याच्या बाजूनं म्हणणं असं की भारतीय कोळशात राख भरपूर पण गंधक कमी, आणि प्रकल्पांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आढळतो. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पण दुसरा मुद्दा दूध विरजलं त्याच गावात दही शोधण्यासारखा आहे. तो वायू प्रकल्पाजवळ कमी दिसला म्हणून कण कुठेच झाला नाही, असं होत नाही. यंत्रणेचा खर्च वीजबिलात युनिटमागे काही पैशांनी दिसतो. न बसवण्याचा खर्च कुणाच्या तरी औषधाच्या चिठ्ठीत जातो आणि बिलावर येत नाही. पंगत वरच्या गल्लीत आणि उष्ट्या पत्रावळ्या खालच्या गल्लीत, तसा हा व्यवहार. म्हणून मला हा निर्णय चुकीचा वाटतो.

आपणही या व्यवहारात आहोत. उद्यमनगर, शिरोलीच्या फौंड्रींमध्ये पूर्वी कोकवर चालणाऱ्या कुपोला भट्ट्यांचा धूर डोळ्यांत पाणी आणायचा. त्यांच्या जागी विजेच्या इंडक्शन भट्ट्या येत गेल्या आणि आपल्या गल्लीतला धूर कमी झाला. पण राज्याच्या विजेतला मोठा वाटा कोळशाचाच आहे. धुराचा पत्ता बदलला. हा बदल चांगलाच, कारण उंच धुराड्याचा श्वासवाटा गल्लीतल्या भट्टीपेक्षा खूप कमी असतो. फक्त तो शून्य नसतो, आणि त्याच्या वाट्याला आलेली माणसं आपल्या ओळखीची नसतात.

'चिपाड तर नैसर्गिक आहे ना?'

हवामानबदलाच्या हिशेबात चिपाड खरंच बरं. जळताना जो कार्बन निघतो तो पुढच्या उसात परत जातो. साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती कोळसा वाचवते, हेही खरं. पण हवामानाची वही वेगळी आणि छातीची वही वेगळी. फुप्फुस कणाला तो कोळशातून आला की उसातून, हे विचारत नाही. कधीही विडी न ओढलेल्या कितीतरी बायकांना दीर्घकाळ श्वासनलिका आकसण्याचा, म्हणजे सीओपीडीचा, आजार होतो आणि त्याचं मोठं कारण चुलीचा 'नैसर्गिक' धूरच असतो. बॉयलरला कण पकडणारी चांगली यंत्रणा बसवली आणि ती रोज चालवली, तर चिपाड दोन्ही वह्यांत चांगले गुण मिळवू शकतं.

'आमची म्हातारी चुलीपुढं बसून नव्वद वर्षं जगली की!'

जगली असेल, आणि आनंद आहे. पावसात करूळ घाटातून रोज शेकडो गाड्या सुखरूप उतरतात. म्हणून पावसात घाट धोक्याचा नाही, असं आपण म्हणतो का? अपघात झालाच तर पंचनाम्यात 'ब्रेक लागला नाही' असं लिहितात, 'पाऊस' असं क्वचित. मृत्यूच्या दाखल्यावरही 'हृदयविकार' असतं, 'हवा' नसते. हवेचा वाटा हजारो माणसं एकत्र मोजली तरच दिसतो. २०१९ मध्ये भारतात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू वायुप्रदूषणाशी जोडता येतात, हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहभागानं झालेला अंदाज अशाच मोजणीतून आला.

'कोल्हापूर म्हणजे दिल्ली नव्हे'

नव्हेच. पण दिल्ली ही मोजायची पट्टीही नव्हे. पीएम २.५ ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती ५ सुचवली. शिवाय धोका सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला तो झपाट्यानं चढतो, पुढे चढ मंदावतो. याचा अर्थ आपल्यासारख्या मध्यम हवेच्या गावात दहा मायक्रोग्रॅम कमी केले तर मिळणारा फायदा अतिमलिन शहरात तेवढेच कमी करण्यापेक्षा जास्त असू शकतो.

याच वक्ररेषेची दुसरी बाजू कडू आहे. धूर अर्धा करून भागत नाही. भारतात तमिळनाडू, शिवाय ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा अशा चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना गॅस आणि सिलिंडर फुकट दिले. बायकांच्या श्वासातला धूर खूप उतरला, पण बाळांचं जन्मवजन आणि न्यूमोनिया यांत ठळक फरक दिसला नाही. मी हा निकाल वाचला तेव्हा खट्टू झाले. पण लपवून चालणार नाही. एका घरात गॅस आला तरी शेजारची चूल चालू असते, आणि गरोदरपणाचे पहिले महिने धुरात गेलेले असतात, ही त्याची संभाव्य कारणं. एकटी मावशी सुटून चालत नाही, अख्खी आळी सुटावी लागते.

'मग गुऱ्हाळं बंद करायची?'

नाही. गुळावर हजारो घरं चालतात. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारणारा गडी पाहा. काहिलीत आदण शिजेपर्यंत तो जाळासमोरून हलत नाही, आणि सगळ्यात मोठा श्वासवाटा त्याचाच असतो. चिपाड नीट वाळलेलं असेल, चुलवाणाला हवा पुरेशी मिळेल अशी बांधणी असेल आणि धुराडं उंच असेल, तर जळण कमी लागतं आणि धूरही कमी होतो. इथे मालकाचा फायदा आणि गड्याची छाती एका बाजूला येतात, म्हणून मी सुरुवात इथून करीन. फडातला पाला न पेटवता सरीत कुजवला तर जमिनीलाही तो हवाच असतो. बंबाच्या जागी सौर हीटर येतोच आहे. मावशीच्या चुलीचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तिथे अडचण शेगडीची नाही, सिलिंडर पुन्हा भरायच्या पैशांची आहे.

आपला युटा

नोव्हेंबर २०२३ मध्ये ऊसदराच्या आंदोलनानं जिल्ह्यात बरीच गाळपं रखडली. शिरोलीजवळ महामार्ग अडवल्यानंतर तोडगा निघाला आणि मग धुराडी पेटली. म्हणजे न मागता एक प्रयोग घडून गेला: थंडी तीच, बंब तेच, वाहनं तीच, कारखाने मात्र थांबलेले. मध्ये दिवाळीही होती, म्हणून बेरियम-स्ट्रॉन्शियम बघून फटाक्यांचा धूर वेगळा काढावा लागेल. फडातली तोडही थांबली होती, तेव्हा पाला जाळणंही कमी झालं असणार, ते वेगळं धरावं लागेल. त्या आठवड्यांतली सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची नोंद, हवा मोजणाऱ्या केंद्रांचे आकडे, वेधशाळेचं तापमान आणि प्रत्येक कारखान्याचा बॉयलर पेटल्याची तारीख एका टेबलावर ठेवायची. टेबलाभोवती डॉक्टर, रसायनवाला, हवामानवाला, हिशेबनीस आणि कारखान्याचा बॉयलर इंजिनिअर बसवायचा. मावशीच्या आळीतली आशाताईही हवी, कारण कुठल्या घरात अजून चूल पेटते हे फक्त तिला ठाऊक असतं.